मापाचा ब्लाउज

कुंदाच्या लग्नाचे ब्लाउज मुलाकडचे शिवून घेणार होते आणि नवरदेवाचा सूट मुलीकडचे. तिकडून मापाला एक जुना कोट आला, तेव्हा कुंदाच्या आईने बदल्यात धाकट्या, सडपातळ शालनचा ब्लाउज पाठवायला काढला.

"आई, यात माझा दंडसुद्धा शिरायचा नाही," कुंदा म्हणाली.

"तुझं खरं माप त्यांच्या शिंप्याच्या हाती पडलं, की गावभर होईल. अजून वेळ आहे, भात सोड."

कुंदाने भात सोडला, साखरही सोडली. अंग मात्र होतं तसंच राहिलं. लग्नाच्या दिवशी मावशीने तिला श्वास रोखायला लावून कसेबसे हूक अडकवले आणि बजावलं, "आता हात वर करू नकोस."

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. समोर उंचापुरा नवरदेव आणि कुंदाच्या हातात माळ. सगळा मांडव बघतोय म्हटल्यावर तिला घाम फुटला.

"जरा खाली वाकता का?" ती पुटपुटली. "माझा हात वर होत नाहीये."

तो जागचा हलला नाही. रागावला की काय, असं तिच्या मनात येतंय तोवर तो हळूच म्हणाला, "वाकलो तर कोट फाटेल. आईनं मापाला माझ्या बारक्या भावाचा कोट पाठवला होता."

कुंदाला हसू आवरेना. हसता हसता तिच्या काखेतली शिवण टर्रकन उसवली, हात मोकळा झाला आणि तिने त्याच्या गळ्यात माळ घातली.