जाऊन-येऊन

पोर्चमधल्या चार्जरनं 'टक्' केलं आणि क्रांतीचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. सकाळपासून सगळं घर याच आवाजासाठी गप्प बसलंय, असं तिला वाटत होतं.

"आजी, गाडीचं पोट भरलं!" प्रांजल सोप्यातून ओरडली. पाच वर्षांची पोर आठ वाजल्यापासून बूट घालून तयार होती.

"भरलं न्हवं? मग सोडा म्हणावं दावं," ज्वारी पाखडता पाखडता सासूबाई म्हणाल्या. चार्जिंगच्या त्या जाड वायरीला त्या दावंच म्हणायच्या. ही विजेवरची गाडी आल्यापासून तीन महिन्यांत घरात सगळ्यांच्याच तोंडी तो शब्द बसला होता.

क्रांतीनं डबा फडक्यात बांधला. आत मऊ खिमट होतं, प्रांजलला दात नव्हते तेव्हा करायची तसलं. आटपाडीला तिचे वडील परवा मिरजेच्या दवाखान्यातून घरी आले होते. उजवी बाजू गेली होती. भाऊ फोनवर म्हणाला होता, "ताई, आण्णा काय बोलत न्हाईत. दारात गाडी वाजली की तेवढं 'आली?' म्हणत्यात."

ती डबा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा नवरा इंद्रजित चावी बोटावर फिरवत गाडीपाशी उभा होता. निघायचंच होतं. तेवढ्यात फाटकातून मोटरसायकल आत आली. पलीकडच्या मळ्यातला नानासो, इंद्रजितच्या वर्गातला.

"ही व्हय ती?" नानासोनं गाडीभोवती एक फेरी मारली. "वजन किती म्हणायचं?"

"अडीच टन."

"म्हंजे बैलगाडीभर ऊसच की रं! आन् पळती?"

"पाच सेकंदांत शंभरला. पाठ सीटला चिकटती गड्या."

"एका चार्जिंगमधी जाती किती?"

"कागदावर साडेपाचशे. रस्त्यावर चारशे कुठं गेलं न्हाईत."

क्रांतीनं ते केव्हाच मोजून ठेवलं होतं. आटपाडी अठ्ठ्याण्णव. जाऊन-येऊन एकशे शहाण्णव. म्हणजे दोनदा जाऊन दोनदा परत येता येईल. आणि काल हाच माणूस तिला सांगत होता, "मोगराळ्याचा घाट लय बॅटरी खातो. वर उन्हाचा एसी. म्हसवडच्या पुढं चार्जर न्हाई. मधीच बसली तर अडीच टन टोचन करून कोण आणणार? फुल्ल झाल्याबिगर न्हाई." मग काल दिवसभर लाईटच नव्हती.

"समदं खरं," नानासो म्हणाला, "पर एवढं वजन घेऊन घाट चढती का?"

"चढती का? बस. मोगराळ्याला नेऊन आणतो. तुझ्या डोळ्यांनी बघ."

क्रांती पायरी उतरली. "आवं, फुल्ल झाली की निघायचं ठरलं व्हतं."

"निघू की. तासाभरात आलोच."

"आल्यावर परत चार्जिंगला लावाल."

"मग उद्या जाऊ. आण्णा काय कुठं पळून चाललेत का?"

नानासो हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यानं उगीच टायरला पायानं टोकरलं. "वहिनींना जायचं असलं तर ऱ्हाऊ दे रं."

"बस तू."

क्रांतीनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "मग मी यष्टीनं जाते. दहिवडीला गाडी बदलली की चारपर्यंत पोचते."

सूप थांबलं. सासूबाई दारात आल्या.

"दारात एवढी गाडी आन् सून फाट्यावर यष्टीला हात करणार? बघणारा काय म्हणंल? भांडून चालली म्हणंल. तुझ्या माहेरीबी पयलं हेच इचारतील, गाडी कुठाय म्हणून." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मलाबी आण्णांचं वाईट वाटतंय गं. पर जायचं तर ताठ मानेनं जावं माणसानं."

त्या आत गेल्या. सूप पुन्हा वाजायला लागलं.

इंद्रजितनं वायर उपटून फरशीवर टाकली. गाडी फाटकातून बाहेर पडली ती आवाजच न करता. चाकाखाली खडी करकरली तेवढीच. रस्त्याला लागून ती डावीकडं वळली. दहिवडीकडं. आटपाडीला जायचं तर तिकडूनच जावं लागतं.

क्रांती पायरीवर बसली. डबा अजून ऊन होता. तिनं तो मांडीवर धरून ठेवला, लेकरू धरावं तसा.

पोर्च एकदम मोठा दिसत होता. प्रांजलनं फरशीवरलं वायरीचं टोक उचललं, दोन्ही हातांनी ओढत भिंतीपर्यंत नेलं. खुंटी उंच होती, तिचा हात पुरेना. तिनं टोक हळूच खाली ठेवलं आणि आईला चिकटून बसली. बुटांचे पाय हलवत राहिली.

लांब फाट्यावर यष्टी थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं. घंटी वाजली, दोनदा. गिअर टाकून ती घरघरत निघून गेली.

तो आवाज पार विरेपर्यंत पोरगी ऐकत होती.

"आई," ती म्हणाली, "गाडी नव्हती तवा आपण आजोबांकडं कसं जायचो गं?"

आत सुपाचा आवाज थांबला.