विद्यार्थी म्हणून पाहा

"बाई, पान कोरंच आहे," नर्स फोनवर म्हणाली. "वॉर्डातून एकच तास सुटका मिळालीय. दोन ते तीन. अकरा मिनिटं गेलीसुद्धा."

शरीरशास्त्राच्या बाईंनी आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. परीक्षा तर समोरच होती. चाळीस प्रश्न, चाळीसही जागच्या जागी.

"मला दिसतेय की गं. पुन्हा उघड."

"चौथ्यांदा उघडलं. आमच्यात कोणालाच दिसत नाहीये."

बेचाळीस जणी. दिवसा रुग्ण, रात्री पुस्तक, असं करत पदवीला बसलेल्या. आजची परीक्षा हुकली की वर्ष गेलं.

"फोन ठेवू नकोस," बाई म्हणाल्या.

कॉम्प्युटरवाले सर रजेवर होते. उरला तो ग्रुप. ऑनलाइन परीक्षेचं हेच सॉफ्टवेअर वापरणारी गावोगावच्या कॉलेजांतली माणसं. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, पगार नाही, पद नाही. अडलेल्यानं विचारायचं, सुटलेल्यानं सांगायचं. बाई दोन वर्षं तिथे नुसत्या वाचत होत्या. विचारणं त्यांच्या अंगातच नव्हतं. तीस वर्षं त्या प्रश्न काढत आल्या होत्या.

त्यांनी लिहिलं, "मुलींना परीक्षा दिसत नाही. मला दिसते. कृपया मदत करा."

मिनिटभरात उत्तर आलं. सगळे ज्यांना आजोबा म्हणत, त्या निवृत्त ग्रंथपालांचं.

"आजोबा, दुपारची झोप नाही का आज?" मध्येच कोणीतरी टोमणा मारला.

"झोप तुम्हा तरुणांना लखलाभ. बाई, तुम्ही शिक्षकाच्या खुर्चीतून बघताय. तिथून झाकलेलंही दिसतं. वर कोपऱ्यात तुमच्या नावावर क्लिक करा. ‘विद्यार्थी म्हणून पाहा’ असं येईल. तिथून बघा आणि सांगा."

बाईंनी क्लिक केलं.

पान कोरं. पांढरंशुभ्र. कोपऱ्यात चार शब्द: इथे अजून काही नाही.

मग बाईंना आठवलं. गेल्या आठवड्यात प्रश्न दुरुस्त करताना त्यांनीच परीक्षेसकट अख्खा धडा मुलींपासून झाकला होता, आणि उघडायचा राहिला होता. शिक्षकाच्या पानावर तो फिकट दिसत होता, एवढंच. त्यांना वाटलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला.

त्यांनी धडा उघडला.

"आली, बाई!" फोनमधून आवाज उसळला. "पण अडतीसच मिनिटं उरलीत."

"परीक्षा पंचेचाळीसची आहे गं. जमेल?"

"हृदयाचाच धडा ना? तो रोज स्टेथोस्कोप कानाला लावून ऐकते मी. ठेवते." फोन बंद झाला.

बाईंनी ग्रुपवर लिहिलं, "सुटलं. चूक माझीच होती. कशी, ते सगळं इथे लिहिते, म्हणजे पुढच्याचा वेळ जाणार नाही." खाली कोणीतरी फूल ठेवलं.

मग पुन्हा एकदा त्या विद्यार्थी म्हणून आत गेल्या. नीट दिसतंय ना, एवढंच बघायला. परीक्षेच्या माथ्यावर, ठळक लाल अक्षरांत, त्यांचीच एक ओळ होती. दरवर्षी असायची. इथून ती फार मोठी दिसत होती.

‘उशीर झाल्यास कोणतेही कारण ऐकले जाणार नाही.’

बाई आपल्या पानावर परतल्या. ओळीच्या टोकाला कर्सर नेला आणि एकेक अक्षर मागे मागे पुसत आल्या. शेवटी नुसता ‘उशीर’ उरला. तोही पुसला.