गुरुवारचा ठोकळा

कामठी रोडवर शाळा बांधली जात होती, १९७२ साली. ठेकेदाराचे मुकादम रुपराव तपासणीची वही सोमवारीच शनिवारपर्यंत भरून टाकत. तपासणीचे साहेब येत, सह्या करत, चहा पिऊन जात.

बुधवारी रुपरावांनी हौदात भिजत घातलेले काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे काढवले. ठेवले होते तीन, निघाले चार. प्रत्येकावर तो ओतल्याची तारीख कोरत; चौथ्यावर खिळ्यानं उद्याची तारीख कोरलेली होती.

"स्लॅब त उद्या टाकाचा हाय," मिस्त्री मारोती म्हणाला. "अन् अक्षर तुमचंच हाय, रुपरावजी."

ठोकळा महिनाभर मुरल्यासारखा टणक होता.

रुपरावांनी गुरुवारची नोंद खोडायला वही उघडली. 'स्लॅब टाकला, काम ठीक.' नोंद जागेवर होती. तिच्याखालच्या, सोमवारीच भरलेल्या शुक्रवार-शनिवारच्या ओळी मात्र कोऱ्या होत्या.