तेरा तासांचा थांबा

मोजणीसाहेबांनी स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या, मधल्या जागेत टेप धरली आणि बायकोला, म्हणजे सिस्टरांना, मागच्या खुर्चीवर बसायला लावलं.

"एवढीच जागा असते त्या विमानात. आता गुडघे कुठे ठेवणार ते सांग."

सिस्टर बसल्या, गुडघे जरा तिरके केले आणि म्हणाल्या, "बसतंय की."

तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे त्यांना घरीदारी सगळे मोजणीसाहेबच म्हणत. बायको सरकारी इस्पितळातून निवृत्त झाली तरी गल्लीला त्या अजून सिस्टरच होत्या. मुलगी समुद्रापलीकडे नांदत होती. घरात सिस्टरांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे दोघांपैकी एकालाच एका वेळी जाता येई. गेल्या वर्षी साहेब जाऊन आले. यंदा मुलीला दुसरं बाळ होणार होतं आणि पाळी सिस्टरांची होती.

साहेब गेले होते ते स्वस्तातल्या कंपनीच्या विमानाने. परत आल्यावर महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पाणी विकत, पांघरूण विकत, पाठ टेकावी तर मागचा माणूस कुरकुरतो. शिवाय मधल्या विमानतळावर तेरा तासांचा थांबा. लोखंडी बाकावर बसून हाडं खिळखिळी झाली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी फसलो, निदान तू तरी फसू नकोस, चांगल्या कंपनीच्या थेट विमानाने जा, असा त्यांचा धोशा होता. मुलीनेही फोनवर बाबांचीच री ओढली.

सिस्टरांचं म्हणणं एकच. स्वस्त तिकिटामुळे वाचलेल्या पैशांत मुलीला दोन महिने घरकामाला बाई लावता येईल. आणि ज्या बाईने ऑपरेशन थिएटरात उभ्याने रात्री काढल्या, तिला बाकावर बसून काय होणार आहे?

पंधरा दिवस घरात हेच चाललं. एरवी नवऱ्याचा शब्द न मोडणारी बाई या एका गोष्टीवर अडून बसली होती. शेवटी साहेब थेट विमानाचं तिकीट काढायला पायात चपला घालत असताना सिस्टरांनी पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. स्वस्तातलं तिकीट त्यांनी आदल्या दिवशीच काढलं होतं.

साहेबांनी चष्मा लावला. मधल्या विमानतळाच्या नावावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. ते रागावतील म्हणून सिस्टर तयारीत होत्या. पण त्यांनी कागदाची घडी घातली, परत दिली आणि म्हणाले, "तिथे गारठा असतो. शाल सामानात टाकू नकोस, हाताशी ठेव."

विमान साहेबांनी सांगितलं होतं तसंच निघालं. शेजारच्या बाईचं कोपर सिस्टरांच्या बरगडीत, पुढच्याची खुर्ची जवळजवळ त्यांच्या मांडीवर. त्यांनी तक्रार केली नाही. मधल्या विमानतळावर उतरल्या तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तरी बाक शोधायच्या ऐवजी त्या पाट्या वाचत थेट सरकत्या जिन्यांकडे गेल्या.

तिसऱ्या जिन्याच्या पायथ्याशी निळ्या गणवेशातला एक माणूस हत्यारांची पेटी बंद करत होता. त्याने मान वर केली.

तो त्यांचा धाकटा होता.

नऊ वर्षांपूर्वी, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तो घरातून निघून गेला होता. नवरी मुलगी साहेबांच्या जिवलग मित्राची. त्या मित्राने पुन्हा साहेबांचं तोंड पाहिलं नाही, आणि साहेबांनी मुलाचं नाव टाकलं. आपल्याला एकच मुलगी आहे, असं ते चारचौघांत सांगत. त्याचे फोटो माळ्यावर गेले. सिस्टरांनी कसाबसा त्याचा पत्ता लावला होता आणि दोन वर्षं इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानातून त्या त्याला चोरून फोन करत होत्या. तो या विमानतळावरचे जिने दुरुस्त करतो, एवढं कळल्यापासून त्यांना तेच विमान हवं होतं.

सिस्टरांनी सवयीने त्याचं मनगट धरलं आणि ठोके मोजत राहिल्या. मग त्याने कागदी पेल्यांतून चहा आणला. बायकोचा फोटो दाखवला, तीन वर्षांच्या मुलीचा दाखवला. पोरीची हनुवटी साहेबांची होती. त्या लग्नाला आपण होकारच द्यायला नको होता, पण बाबांपुढे तोंड उघडायची छाती झाली नाही, हे त्याने मान खाली घालून सांगितलं. त्या ऐकत होत्या. दुपारी तो अर्धा तास कामावर जाऊन आला. तेवढ्यात त्या त्याच्या जाकिटावर डोकं टेकून झोपल्या. तेरा तास कसे गेले ते कळलं नाही.

पुढच्या विमानाची घोषणा झाली. सिस्टर उठल्या. शालीच्या टोकाने डोळे पुसून त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"एक वचन दे. मी तुला भेटले हे बाबांना कधी कळू देऊ नकोस. त्यांना सहन व्हायचं नाही."

मुलाने आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"आई," तो म्हणाला, "गेल्या वर्षी इथून निघताना बाबांनी माझ्याकडून हेच वचन घेतलंय. तुला कळू देऊ नकोस म्हणून."