मालक आल्यावर
या, टेका बाकावर, डॉक्टर येईस्तोवर गोष्ट सांगतो. मंडईत आमचा भाजीचा गाळा. परवा चहा पिऊन आलो, तर तराजूमागं बसलेली बायको मलाच म्हणाली, “दादा, वांगी ताजी हायती. भाव आमचे मालक आल्यावर सांगतील.” नातवंडं झाली, अन् बायको नवऱ्याला दादा म्हणती! थट्टा वाटून मी हसलो. तिनं वांगी घालायला माझ्याकडं पिशवी मागितली. तवा कळलं, ही थट्टा न्हाई. शेजारची शकू म्हणाली, “वय झालं, चळली म्हातारी.” इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वयामुळे नाही, आजोबा. त्यांचा जुना ल्युपस मेंदूपर्यंत पोचलाय. औषधानं फरक पडेल.” सांधे धरणारा आजार डोक्यात शिरतो, हे कुणाला ठाऊक! तेव्हापासून सलाइन चालूय, अन् मी अजून दादाच हाय. थांबा, आतून तिनंच “अहो” म्हटलं का? जरा गप ऱ्हा, परत ऐकू द्या.