खिडकीतला कप

प्रमिलाबाईंनी कप पुसला आणि त्याचा कान बरोबर खिडकीकडे करून ठेवला. चार दिवस झाले, दुपारची झोप काढून उठलं की हा कान भिंतीकडे वळलेला असायचा. त्या कपात पाहत, नाकाशी नेऊन वास घेत. काही सापडत नव्हतं. पण कप आपोआप वळत नाही.

आष्टीच्या शाळेतून बदली झाली तेव्हा चौथीच्या पोरींनी दिलेला कप. त्यावर नेलपॉलिशनं ‘प्रमिला मॅडम’ लिहिलं होतं. वीस वर्षं धुऊन धुऊन आता नुसतं ‘मॅ’ उरलं होतं. रिटायर झाल्यावर तेवढंही पुष्कळ. त्याला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, म्हणून साखरेचा डबाही त्याच्याच मागे. नवऱ्याला, भैय्याजींना, शुगर होती.

देवळीच्या त्या घरात प्रत्येक कपाला मालक होता. कपाशीच्या बोंडाचं चित्र असलेला भैय्याजींचा, त्यांच्या कृषी केंद्रात कोण्या कंपनीवाल्यानं दिलेला. पुण्याला नोकरीला गेलेल्या लेकीचा, वेदश्रीचा, फळीवर उपडा. आणि फळीपासून लांब, खिडकीत, नारिंगी फुलांचा एक. तो रीताचा. माहेरून आलेल्या सहाच्या सेटमधले पाच फुटले, सहावा भांडीवालीला गेला. सगळ्याच घरांत जातो तसा.

रीता तीनला यायची. त्या वेळी प्रमिलाबाई झोपलेल्या. म्हणजे दुसरं कोण असणार?

कालच त्यांनी शेजारच्या सपनाला सांगून टाकलं होतं, या महिन्यापासून दुसरी बाई पाहून दे. सपना ओढणी तोंडाला लावून हसली होती. यात हसण्यासारखं काय, ते कळलं नव्हतं. तोही एक संशय मनात राहिला होता.

आज झोपायचं नव्हतं. मधल्या खोलीत दिवाणावर पडलं की कपाटाच्या आरशात ओटा दिसतो. त्यांनी तोंडावर पेपर घेतला आणि कडेनं एक डोळा उघडा ठेवला. आणि तीस वर्षांत परीक्षेच्या एकाही वर्गावर जे झालं नव्हतं, ते झालं. पहारा देता देता झोप लागली.

भांड्यांच्या आवाजानं जाग आली. आरशात रीता उभी होती. हातात कप. आत पाहत होती, वास घेत होती.

प्रमिलाबाई अनवाणीच धावल्या. “सापडली! काय हाये हातात?”

“माहा कप हाये काकू,” रीता म्हणाली. “माह्याच कपाले पाहून राह्यली.”

नारिंगी फुलं दिसली तशा प्रमिलाबाई जरा अडल्या. पण ओट्यावर ‘मॅ’चा कान भिंतीकडे होता. “मग माहा कप रोज कोन फिरवते?”

“तुमच्या कपाले मी हात बी नाई लावत. तुम्हीच सांगतलं होतं. पन माह्या कपात रोज कोनी चहा पेऊन राह्यलं, त्याचं काय? हे पाहा, बुडाले साखर हाये. अजून गरम हाये कप.” रीताचा आवाज चढला. “आठ दिवस झाले. मले वाटलं, काकू मले कोनाच्याही उष्ट्या कपात चहा देतात. मीनं सपनाताईले सांगून बी ठेवलं, दुसरं घर पाहा मनून.”

सपना का हसली ते आता कळलं.

दोघींनी एकदमच मागच्या खोलीकडे पाहिलं. तिथून भैय्याजींचं घोरणं येत होतं. जरा जास्तच तालात.

“उठा,” प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या.

घोरणं थांबलं. भैय्याजी उठून बसले. मिशीच्या टोकाला चहा होता.

“एकच चमचा घेतो,” ते म्हणाले. “तुहा कप सरकवल्याबिगर डबा निंगत नाई.”

“अन् कप रीताचा काऊन? आपला नाई का?”

“आपला तू वास घेऊन पाहते.” भैय्याजींनी मिशी पुसली. “अन् पुलगावले तुले पाहाले आलतो, तवा पयला चहा तू मले याच फुलायच्या कपात देल्ला होता. पाच फुटले, मी काई बोललो नाई. सहावा तू खिडकीत नेऊन ठेवला.”

प्रमिलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. पोरांच्या सबबी ऐकण्यात जन्म गेला होता. खरी कोणती, खोटी कोणती, ते वाक्य संपायच्या आत कळायचं. आज कळेना. त्या दिवशी आपण मान वर केली नव्हती, एवढंच आठवत होतं. कपावर फुलं होती का?

“कोन्त्या रंगाची होती?” त्यांनी विचारलं.

“नारिंगी,” भैय्याजी लगेच म्हणाले. कप समोर रीताच्या हातातच होता.

“ते तुमचं तुम्ही पाहा,” रीता म्हणाली आणि कप भैय्याजींच्या हातात देऊन मोकळी झाली. “घ्या काकाजी. तुमचाच व्हय तं तुम्हीच ठेवा. पन काकू, मले आता चहा कायच्यात देता?”

 प्रमिलाबाईंनी गॅसवर आधण ठेवलं. हात सवयीनं कोपऱ्यातल्या स्टीलच्या गिलासाकडे गेला. रीता दाराला टेकून त्या हाताकडेच पाहत होती. हात थांबला. मग साखरेच्या डब्यापुढचा ‘मॅ’ उचलून त्यांनी तिच्यासमोर ठेवला.

रीतानं कप उचलला. आधी आत पाहिलं. मग नाकाशी नेऊन वास घेतला. आणि मगच चहासाठी पुढे केला.