डेल्फिनचं मयत

"पेटी आजच उचलायची!" सेव्हेरो गरजला आणि लाथेसरशी त्याने पत्त्यांचं टेबल उडवलं.

पत्ते, नाणी, शेंगदाणे, बिअरचे ग्लास, सगळं गल्लीभर झालं. खेळायला आलेले परके लोक खुर्च्या सोडून उठले. त्यांच्यात एक पोलीसही होता. त्याचा डाव चांगला लागला होता, त्यामुळे तो जास्तच चिडला.

"कुया, हळू," डेल्फिनची बायको लुर्देस म्हणाली. थोरल्या दिराला ती कुयाच म्हणे. "रविवारी नेऊ. फक्त रविवारपर्यंत थांबा."

"अकरा दिवस झाले! माझा भाऊ आहे तो, लोणचं नाही मुरत घालायला!"

मयताच्या घरापुढे पत्त्यांचा डाव बसणं ही नवोतास बंदराच्या त्या कोळीवस्तीतली रीतच. दर डावामागे नाल, म्हणजे खेळाच्या पैशातला ठरलेला वाटा, निघते, ती मयताच्या घरी जाते आणि दवाखान्याचं देणं फिटतं. असल्या पत्त्यांवर पोलीसही धाड घालत नाहीत. डेल्फिनच्या किडन्या गेल्या तेव्हा गल्लीने त्याच्या डायलिसिससाठी दोनदा वर्गणी काढली होती. तिसऱ्यांदा मात्र लोकांनी दारं लावून घेतली. तो गेला तशी तीच माणसं रांगेने खेळायला आली. माणसाची जातच मेली तसली!

सेव्हेरोला रीत ठाऊक होती. तीन दिवस ठीक, सात दिवसही ठीक. पण अकरा?

बातमी त्याला पालावान बेटावर, आपल्या गावी, एका खलाशाकडून कळली होती. एका बोटीच्या इंजिनावरून भावाभावांत वाजलं होतं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. आता निदान तिकडे गावी आईच्या शेजारी त्याला पुरावं, एवढ्यासाठी त्याचा जीव तुटत होता. पाच वाजता बोट सुटणार होती. आणि या बाईने त्याला भावाचं तोंडसुद्धा बघू दिलं नव्हतं. पेटीच्या काचेवर पडदा टाकून ठेवला होता. चेहरा सुजलाय, बघवणार नाही, म्हणे.

टेबलांचा मालक गोरियो पुढे आला. ढेरपोट्या, गल्लीतलं बडं प्रस्थ. "इकडे या बाजूला. दोन शब्द कानात सांगतो."

"कानात कशाला? सगळ्यांसमोर सांग! माझ्या भावाच्या मढ्यावर जेवतोयस, तेच ना?"

गोरियोने पोलिसाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

तेवढं मिटलेलं तोंड सेव्हेरोला पुरलं. त्याने लोखंडी घडीची खुर्ची उचलून थेट त्या तोंडावर हाणली. गोरियोचे दोन दात फुटपाथवर पडले. मग गल्लीतले चौघेजण सेव्हेरोवर तुटून पडले. तीस वर्षं जाळी ओढलेले हात होते त्याचे! एकाचं बोट त्याने उलटं मोडलं, दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं. त्याची स्वतःची भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं, तरी तो लोकांना रेटत घरात घुसलाच.

लुर्देस पेटीवर आडवी पडली होती.

"ऊठ! तू त्याची बायको आहेस का दुकानदारीण?"

"पाया पडते कुया, ओढू नका. तुम्हाला काही माहीत नाही."

"मग सांग!"

तिने दाराकडे पाहिलं. पोलीस उंबऱ्यात उभा होता. ती नुसतीच रडायला लागली.

सेव्हेरोने तिला केसांना धरून बाजूला फेकलं आणि पेटीची कडी ओढली. पेटी तिवईवरून घसरली, आपटली, काच फुटली, पडदा निघाला.

आत एक बोळका म्हातारा होता. कोण, कुठला, देव जाणे; मनगटाला शवागाराची 'बेवारस' अशी चिठ्ठी होती. डेल्फिन नव्हता.

सेव्हेरोचं डोकं फिरलं. भावाचं मढंसुद्धा यांनी बदललं! कुठल्या खड्ड्यात टाकलं असेल त्याला? विकलं असेल? "माझा भाऊ कुठाय?" मागोमाग आत आलेल्या गोरियोला त्याने गळा धरून भिंतीला चिकटवलं. "बोल, नाहीतर इथेच चिरतो!" दुसऱ्या हाताने त्याने कमरेचा जाळी कापायचा सुरा उपसला.

"नको! येऊ नकोस, खाली येऊ नकोस!" लुर्देस किंचाळली. कुणाला, ते त्याला कळलं नाही. कळून घ्यायला तो शुद्धीवर होता कुठे?

माळ्याच्या शिडीवरून कुणीतरी धडपडत उतरलं. पाठीमागून दोन हडकुळे हात त्याच्या गळ्यात पडले आणि त्याला मागे ओढू लागले. आणखी एक हरामखोर! न वळता त्याने सुरा मागे फिरवला.

गरम रक्ताची चिळकांडी छतापर्यंत उडाली. गळ्यातले हात सुटले. साध्या हातातून इतकं रक्त येतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

गोरियो फुटक्या तोंडाने ओरडला, "डायलिसिसची नस कापली रे! दाबा, कुणीतरी दाबून धरा!" पोलिसाकडे बघायचंही आता कुणाला सुचलं नाही. लुर्देस दोन्ही हातांनी ती जखम दाबत होती आणि तिच्या बोटांमधून रक्त वाहतच होतं.

सेव्हेरो वळला. पिवळा पडलेला, तोंड सुजलेला डेल्फिन जमिनीवरून त्याच्याकडे बघत होता, अजून जिवंत.